हसनचाचांची आठबोअर

हसनचाचांना कुठलीही हलती वस्तू दिसली की ते तिच्यापुढे बोट धरतात. तिच्यावर नव्हे, तिच्यापुढे. रस्त्यावरून टॅक्सी चालली असेल तर टॅक्सीच्या चार हात पुढे. समुद्रावरचा कुरव असेल तर त्याच्या चोचीच्या पुढे. आमच्या गल्लीतलं मांजर कुंपणावरून चाललं असेल तर मिशांच्या जरा पुढे. बोट त्या वस्तूबरोबर संथ सरकत राहतं, मग चाचा ओठांतल्या ओठांत "ठो" म्हणतात आणि जे बोलणं चाललं होतं ते पुढे चालू करतात.

मी पुण्याहून नोकरीसाठी मस्कतपलीकडच्या सूरला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात याचा अनुभव घेतला. आमच्या बिल्डिंगच्या खालीच त्यांचं दुकान आहे. दोर, जाळी, गळ, होडीच्या इंजिनचं तेल, असं सगळं कोळ्यांच्या कामाचं. मला कपडे वाळत घालायला दोरी हवी होती. चाचा दोन्ही हात पसरून दोरी वावेने मोजत होते, तेवढ्यात समोरून एक मुलगा सायकलवरून गेला. हातातली दोरी सोडून त्यांनी बोट धरलं, सायकलबरोबर कोपऱ्यापर्यंत नेलं आणि "ठो" केलं. मी दचकलो. ते मराठीत म्हणाले, "पाखरू जिथं हाय तिथं बार टाकलात तर पाखरू तिथं नसतंय. ते जिथं जानार हाय तिथं टाकायचा. तुमी पुन्याचे काय?"

मी पुण्याचा हे त्यांनी कशावरून ओळखलं ते अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून मी त्यांचा 'पुणेकर' झालो.

चाचा मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. पंचविशीच्या आत इथे आले, आता पासष्टी उलटली. इतक्या वर्षांत अरबी शिकले, हिंदी शिकले, इंग्रजीत भांडण्यापुरते शब्द जमवले, पण बोलण्याचा विषय एकच राहिला: त्यांच्या अब्बांची आठबोअरची बंदूक. बाराबोअरचं नाव मी ऐकलं होतं. आठबोअर म्हणजे लहान असेल, असं मी बोलून बसलो. चाचांनी मला दुकानात स्टुलावर बसवलं.

"आकडा ल्हान, बंदूक मोठी. ध्यानात ठेवा. रत्तलभर शिसं घ्यायचं. त्याच्या बारा गोळ्या केल्या नि एक गोळी नळीत बरोब्बर बसली, तर बंदूक बाराबोअर. तेवढ्याच शिशाच्या आठ केल्या तर?"

"गोळ्या मोठ्या होणार."

"मंग नळी पन मोठी. आठबोअर. खांद्याला लावली की मानूस तिला उचलतोय का ती मानसाला, कळत नाय."

दिवाळीत आमच्या घरी फराळाला आले तेव्हा त्यांनी बेसनाचा लाडू बोटांत फिरवून पाहिला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, हा बाराबोअर झाला. आठच्या हिशेबाने वळा." तेव्हापासून आमच्याकडे लाडवांचे दोन प्रकार आहेत. माझी मुलगी, जिला चौदा आणि चाळीस यांतला फरक मराठीत अजून सांगता येत नाही, ती डबा उघडून "आई, आठबोअर संपले" म्हणते.

चाचांच्या शिकारीच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या की मलाच त्या खाडीची भरती-ओहोटी पाठ झाली. हिवाळ्यात पहाटे रानबदकं उतरायची. होडीत वल्ह्याला फडकं गुंडाळायचं, म्हणजे आवाज येत नाही. वारा तोंडावर घेऊन जायचं. खारफुटीच्या आडून होडी अशी तिरकी लावायची की उठणारा थवा आडवा मिळावा. आणि मग चाचांचा बार. "बार झाला की होडी हातभर मागं सरकायची, पुनेकर. पानी खालनं खेचल्यासारखं. नि धुरातनं बदकं पडायची, टप टप, जशी फनसाची पानं."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्यांना दिसायचं नाही.

शिकार आता तिकडे बंद आहे, इथेही बंद आहे, आणि चाचांना त्याचं वाईट वाटत नाही. "बरंच झालं," ते म्हणायचे. "पाखरं तरी राहिली." त्यांना वाईट वाटायचं ते हिवाळ्याचं. सूरमध्ये मासेमारीचा जोर थंडीत, तेव्हा दुकान सोडता येत नाही. त्यामुळे चाचा सुट्टीवर जायचे ते नेहमी जूनच्या आसपास, धो धो पावसात, जेव्हा खाडीत गढूळ पाण्याखेरीज काही नसतं. इथे आल्यापासून त्यांनी गावचा हिवाळा पाहिलेला नव्हता. थंडीत सूरच्या खाजणात दूरदेशचे पक्षी उतरतात. तेव्हा चाचा दुपारी दुकान कामाच्या पोरावर न सोडता सरळ कुलूप लावत आणि काठावर जाऊन बसत. तिथे मात्र बोट धरत नसत. हात मांडीखाली घालून बसत.

या सगळ्या गोष्टींचा सर्वात जुना श्रोता म्हणजे सालिम, त्यांचा अर्बाब, इथला कागदोपत्री मालक. दुकान त्याच्या नावावर आहे. वयाने चाचांच्याच बरोबरीचा, पांढऱ्या दाढीचा, बोलायला कमी. रोज दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर येऊन बसतो, कहवा पितो आणि आठबोअर ऐकतो. गेल्या हिवाळ्यात एक दिवस त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हसन, बहुत साल सुना. अब देखना है. मेरे भांजे का क्लब है, मस्कत रोड पे. मिट्टी का प्लेट उडता है, बंदूक से मारता है. शुक्रवार, यल्ला."

मला वाटलं चाचा उडी मारतील. त्यांनी दोराचं भेंडोळं उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

"तिथं बाराबोअर असनार," ते म्हणाले. "पोरांचं खेळनं. मी काय मारू त्यानं."

मग गुडघा निघाला. मग माल यायचा होता. मग सर्दी. सालिम प्रत्येक कारणावर "इन्शाल्ला" म्हणत गेला आणि शुक्रवारी दुपारी त्याची गाडी दुकानासमोर उभी राहिली. मी माझी गाडी काढली, चाचा माझ्या शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला गोल टोपी. वाटेत एकाही गाडीपुढे त्यांनी बोट धरलं नाही.

मैदान म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा उघडा माळ. भाच्याने चाचांना कानावर लावायला आवाज अडवणारं काहीतरी दिलं, बंदूक हातात दिली आणि आदराने बाजूला झाला. आपल्या मामाचा दोस्त मोठा शिकारी आहे हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. यंत्रातून पहिली चकती सुटली. चाचांनी बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि मी बाजूने स्पष्ट पाहिलं, त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

बार झाला. चकती शांतपणे लांब जाऊन पडली.

दुसरी तशीच गेली. तिसऱ्या वेळी बार चकती सुटण्याआधीच झाला. भाच्याने हळूच त्यांचा खांदा धरून कसं उभं राहायचं ते दाखवलं. चाचा मान डोलावत होते, शाळेत नवीन आलेल्या मुलासारखे. आणखी बरेच बार झाले. मैदानावरची एकही चकती त्या दिवशी चाचांच्या हातून फुटली नाही. शेवटी त्यांनी बंदूक दोन्ही हातांनी आडवी धरून परत दिली.

सालिम डोंगराकडे बघत होता. "हवा खराब है आज," तो म्हणाला. पानही हलत नव्हतं. मग त्याने चाचांच्या पाठीवर हात ठेवला, काढून घेतला, आणि भाच्याशी बोलायला मागे थांबला.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघेच होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सवय सुटली की होतं असं, चाचा."

"सवय कधी नव्हतीच," ते म्हणाले. "बार मी नाय मारायचो. मी वल्हं मारायचो."

"मग अब्बा?"

"अब्बांना मोतीबिंदू. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, पन बदक नि बगळा त्यांना सारखाच. मला शिकवायला गेले, मी डोळे मिटायचो. आज तुमी बघितलंत." ते खिडकीबाहेर बघत होते. "माजं लगीन झालं. जुलेखा पलीकडच्या गावची, खाडीवरच वाढलेली. एक दिवस अब्बा अंगनात बंदूक पुसत होते, तिनं नुसती उचलून खांद्याला लावली. अब्बांनी तिचा हात बघितला, हलत नव्हता. दुसऱ्या पहाटे आमी तिघं होडीत."

गावात कुणाला सांगणार? सून बंदूक मारते म्हटल्यावर काय काय बोललं गेलं असतं. त्यामुळे अंधारात जायचं, गाव जागं व्हायच्या आत परत यायचं. गाव म्हणायचं, बघा, म्हाताऱ्याचे डोळे गेले पण नेम गेला नाही. अब्बा ओटीवर बसून ती तारीफ ऐकायचे आणि आतून जुलेखाच्या बांगड्यांचा आवाज यायचा, हसू दाबल्यावर येतो तसा. तिचा उजवा खांदा हिवाळाभर काळानिळा असायचा. त्यावर गरम हळद हसनचाचा लावायचे.

"तीन हिवाळे," चाचा म्हणाले. "मंग माजा व्हिसा आला."

अब्बांना पुढे अजिबात दिसेनासं झालं, त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं. मग चाचांच्या आईचं आजारपण. जुलेखा तिथे राहिली, चाचा इथे. अब्बा गेल्यावर परवाना संपला आणि बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. तीही तिनेच केली. गोधडीच्या खोळीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे हो? ती म्हणाली, सासऱ्यांची आठवण.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही हे सगळं स्वतःच्या नावावर का सांगत होता?"

मला वाटलं ते लाजतील. ते लाजले नाहीत.

"माज्या नावानं दिवसभर सांगता येतं, पुनेकर. तिच्या नावानं सांगायला बसलो की दोन वाक्यांच्या पुढं जात नाय. दुकान चालवायचं असतं."

सूर जवळ आलं होतं. इथे अजून ऊन होतं, पण तिकडे एव्हाना सूर्य बुडून मगरिब झाली असणार. चाचांनी खिशातून फोन काढला आणि जुलेखाला लावला. पलीकडून आवाज आला तो इतका खणखणीत की स्पीकरची गरजच नव्हती.

"लागली काय एकतरी?"

"नाय."

"डोळे मिटलेत असनार."

"मिटले."

ती हसली. दाबून नव्हे, मोकळी हसली. चाचाही हसले. मग ती म्हणाली, "थांबा, ठेवू नका," आणि फोनमधून दाराची कडी निघाल्याचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, चपला वाजत उतरणीला लागल्या. चाचांनी मला हाताने थांब अशी खूण केली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एसी बंद केला, इंजिन बंद केलं.

आधी नुसता वारा आला. मग लांबून बारीक शिट्ट्या. मग एकाएकी कापड फाडल्यासारखा पंखांचा आवाज, खूप पंखांचा, आणि त्यामागून पाणी फुटल्याचा. चाचांनी फोन कानाशी दाबून धरला होता. डोळे उघडे होते.

"पुष्कळ हायत काय?" त्यांनी विचारलं.

"अंधार पडला. दिसत नायत. ऐका नुसती."

दोघंही ऐकत राहिली. मी गाडीतून उतरलो आणि दार आवाज न करता लावून घेतलं.