मेहुण्याच्या चेंडूंतली हवा

मेहुण्याची चेंडूंची जाळी आपल्याच घरात, बाल्कनीच्या दारामागे टांगलेली असावी, याहून मोठा अपमान पाणीखात्यातल्या साहेबांना ठाऊक नव्हता. मैदान घरासमोर, म्हणून बायकोने भावाला परस्पर परवानगी देऊन टाकली होती.

रविवारी सकाळी मैदानाच्या अर्ध्या भागात साहेब सहा-सात वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे आणि उरलेल्या अर्ध्यात मेहुणा. मेहुण्याचं टेलरिंगचं दुकान. फुटबॉल त्याने आयुष्यात अडवला होता तो फक्त पोटाने, तोही चुकून. साहेब कॉलेजच्या संघात होते. राखीव होते, पण होते. त्यांच्याकडे शिट्टी होती, प्लॅस्टिकचे शंकू होते आणि शिस्त होती. एक पोरगं चेंडू घेऊन शंकूंमधून जायचं, बाकीची रांगेत उभी राहून गवत उपटायची. मैदानाला तेवढ्या जागी टक्कल पडलं होतं.

पलीकडे मेहुणा प्रत्येकाच्या चड्डीत मागे चिंधीची शेपटी खोचायचा. पायातला चेंडू सोडायचा नाही, आपली शेपटी वाचवायची, दुसऱ्याची पळवायची. झाला त्याचा अभ्यासक्रम. तिथून हसण्याचा असा कल्लोळ उठायचा की साहेबांच्या रांगेतल्या पोरांना एकेक करून तहान लागायची. पाण्याला गेलेलं पोरगं परत येत नसे. लांबून त्याची शेपटी तेवढी दिसायची.

रांगेत आता मोजकीच पोरं उरली होती आणि त्यांत एक साहेबांची स्वतःची मुलगी.

"मामाकडे शेपटी मिळते," ती जेवताना म्हणाली.

"शेपटीने गोल होत नाहीत," साहेब म्हणाले.

"तुमच्याकडे तरी कुठे होतात?" बायकोने विचारलं आणि भाजी वाढली.

लेक टिकून होती ती निव्वळ बापाच्या भिडेखातर, हे साहेबांना कळत होतं. ती भीड किती पुरेल, हे कळत नव्हतं. त्यात येत्या रविवारी पालक बघायला येणार होते.

शनिवारी घर रिकामं बघून साहेबांनी जाळी उतरवली, पंपाची सुई घातली आणि मेहुण्याच्या चेंडूंतली हवा सोडली. सगळी नाही. दिसायला गोल, पण टप्पा म्हणून नाही, अशा बेताने. जन्मभर नळांचा दाब सांभाळलेला माणूस. चोरी करतानाही अंगठ्याने दाबून दाबून त्यांनी सगळे चेंडू एकसारखे केले. मग स्वतःचे दगडासारखे टणक फुगवले आणि शांत झोपले.

रविवारी करायला गेले एक आणि झालं भलतंच. एरवी लाथ बसताच कुंपण गाठणारे मेहुण्याचे चेंडू त्या दिवशी पाळलेल्या मांजरासारखे पोरांच्या पायांत घोटाळू लागले. ज्या पिटुकल्याने आजवर चेंडूची फक्त पाठ पाहिली होती, तो चेंडूसकट वळला आणि मोठ्यांच्या शेपट्या उपटून आला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"टेलर आहे म्हणे," एक आजोबा म्हणाले. "पण चेंडू पायाला शिवल्यासारखा बसवलाय."

इकडे साहेबांचा पहिला चेंडू शंकू उडवून रस्त्यावर गेला, दुसरा गटारात. ते आणायला रांग पांगली. लेकीने लाथ मारली आणि अंगठा धरून ती खालीच बसली.

"बाबा, हा चेंडू चावतो," ती म्हणाली आणि लंगडत मामाकडे 'नुसती बसायला' गेली. थोड्या वेळाने ती लाल शेपटी लावून पळताना दिसली. लंगडायचं विसरली होती.

साहेबांचा असा जळफळाट झाला की आठवडाभर त्यांना ऑफिसात काही सुधरेना. नळाला पाणी नाही म्हणून आलेल्या माणसाला ते म्हणाले, "तुम्हाला निदान तक्रार तरी करता येते."

मग त्यांनी तर्क लढवला. मऊ चेंडूंनी घात केला, तर ते कडक करावेत. शनिवारी ते बाल्कनीत पंप मारत असताना दार उघडलं. समोर शेपट्यांचं गाठोडं घेऊन मेहुणा.

"भावजी," तो म्हणाला, "कडक नका ना करू. मागच्या वेळेसारखेच राहू द्या."

साहेबांचा हात पंपावरच राहिला. "मागच्या वेळेसारखे म्हणजे?"

"जाळी तुमच्या घरात, ताई पंपाला हात लावत नाही, आणि सगळे चेंडू मापात एकसारखे. दुसरं कोण करणार? मी दुकानात एकावर करून बघितलं, तर त्याची पार उशी झाली. मला नाही तो अंदाज."

साहेबांनी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

"लहान पोरांना हवा कमीच लागते," शेवटी ते गंभीरपणे म्हणाले. "त्याला शास्त्र आहे."

"तेच ताईला म्हटलं. स्वतःचे टणक ठेवले आणि माझे मऊ करून दिले. कोण करतं एवढं मेहुण्यासाठी?"

आत स्वयंपाकघरात बायकोला जोराचा ठसका लागला.

आता मैदान एकच आहे. शंकू गोलपोस्ट म्हणून लावलेत. खेळ सुरू होण्याआधी शेपट्या लावलेली पोरं चेंडू घेऊन साहेबांपुढे येतात. साहेब अंगठा दाबतात, सुई घालतात, जरा फुस्स करतात आणि मान हलवतात. पोरं रांगेत उभी असतात, अगदी शिस्तीत; सगळ्यांत पुढे लेक.

परवा मेहुण्याने सहज एक चेंडू दाबून पाहिला. "हा बरा वाटतो," तो म्हणाला.

साहेबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तू शेपट्या बघ," ते म्हणाले.