मिरचीच्या रंगातली नवरी

माझे होणारे सासरे शिंकता शिंकता खाटेवरून खाली आले. पांढरी टोपी लाल झाली होती, डोळे त्याहून लाल. बाकीचे पाहुणे खोकत अंगणात पळाले. मी चहा घेऊन दारात उभी. याआधीच्या स्थळांनी काळी म्हणून नाकारलं होतं. यांनी तर अजून माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

“आमले पोर दखाडाले बलावं का माराले?” सासरे ओरडले.

“जिता रंग शे हाऊ!” नाना कौतुकाने म्हणाले.

नाना माझे काका. लग्न केलं नाही. नंदुरबारच्या मिरचीबाजारात तोलाई करायचे आणि घरी चित्रं काढायचे. दुकानातला रंग त्यांना मेलेला वाटे. हळद, काजळी, पाला, हाती लागेल ते वाटायचे. पोळपाटावर पोपट काढला, तर कित्येक दिवस आम्ही हिरव्या पोळ्या खाल्ल्या. डब्यांत फुटक्या बांगड्या आणि काडेपेटीवरची चित्रं. डाळ ठेवायला डबा नाही. कुंचल्यासाठी शेजारणीच्या बकरीचं शेपूट भादरलं. ती शिव्या द्यायला आली, तर तिलाच विचारतात, “दुसरी बकरी कधी लेशी व माय?”

पाहुणे येणार म्हणून त्यांनी ओसरीच्या भिंतीवर मलाच काढलं, लाल शालू नेसलेली नवरी. आई म्हणाली, “नाना, तोंड तरी गोरं काढा.”

“पोर जशी शे तशीच काढसू.”

शालूच्या वेळी डिंक संपला, म्हणून मिरचीपूड नुसत्या पाण्यात कालवली. वाळल्यावर ती भुरभुरू लागली. आम्हाला पत्ता नाही. नानांच्या कपड्यांतून रोजच तिखट घरात यायचं. आमची नाकं मेलेली. तापीकाठचे केळीवाले पाहुणे भिंतीला टेकले मात्र!

दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांच्या गावी जाऊन आपली टोपी सासऱ्यांच्या पायांवर ठेवली. हे सासऱ्यांनीच मला पुढे सांगितलं.

“पोर तं दखाईच नही,” ते म्हणाले. “भिंतवर शे तशीच शे का?”

“तशीच. मी खोटा रंग लावत नही.”

“मंग आमना होकार शे. पन लगनमां तुमी भिंतले हात लावानं नही.”

लग्न झालं. पुढे माहेरी गेले, तर सगळ्या घराला चुना दिलेला, ती भिंत सोडून. शालू झडून गेला होता, काजळीचं तोंड तेवढं उरलं होतं. आई म्हणाली, नाना रोज ताट घेऊन तिथेच बसतात आणि घास मोडण्याआधी भिंतीला विचारतात, “जेवनी का, पोरी?”

नाना गेले. आई गेली, सासरे गेले. त्या दिवशी ओसरीवर होतो त्यांतली आता मी एकटी उरले आहे.