कॉम्प्युटरला अक्षता

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा करायची, तर नव्या कॉम्प्युटरलाच का वगळायचं, एवढाच साधा विचार मी केला. स्कूटर झाली, मिक्सर झाला, मग त्याच्यापुढे उभा राहिलो. गंध लावलं, झेंडू ठेवला आणि अक्षता वाहिल्या. चांगल्या मूठभर! (देवाधर्मात मी हात आखडता घेत नाही.) फ्लॉपीच्या फटीवर मी नेम धरला नव्हता, पण तो बसला.

दुपारी कुमुद फ्लॉपी घालायला गेली, तर ती आत जाईना. कुमुद म्हणजे माझी बायको. पनवेलच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. सहामाहीचा पेपर तिने याच कॉम्प्युटरवर टाइप केला होता आणि फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला द्यायचा होता. पेपर आत, आणि बाहेर यायची वाट तांदळाने बंद!

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"पूजा."

"उद्या हेडबाई माझी यथासांग पूजा करतील!" ती अगदी रडवेली झाली. मला फार वाईट वाटलं. मग तिनेच विचारलं, "मशीनबरोबर आलेलं पुस्तक कुठंय? वाचून बघू."

"पुस्तकं कसली वाचतेस? जगातले मोठमोठे तज्ज्ञ इंटरनेटवर बसलेत. विचारलं की झालं!" (मी न्हावा शेव्याच्या बंदरावर, माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग ऑफिसात कारकून आहे. आमच्यात नियम वाचायची पद्धत नाही, शेजारच्या टेबलावर विचारायची आहे.)

फोनची वायर मोडेमला जोडली. त्याने नेहमीसारखा गळा काढला. मग कॉम्प्युटरवाल्यांच्या एका चर्चेच्या जागी मी माझ्या खास ऑफिसी इंग्रजीत सविस्तर अर्ज लिहिला आणि सोबत प्रश्नपत्रिकेची एक प्रत जोडली. (सोबत काही न जोडता अर्ज पाठवायला माझा हातच धजत नाही.)

उत्तरं धडाधड आली. एकाने विचारलं, "मॅन्युअल वाचलंत का?" दुसऱ्याने तेच विचारलं, पण रागावून. तिसरा म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये तांदूळ का घातलात?" मी त्याला शमीच्या झाडापासून सगळा दसरा समजावून सांगितला. त्यावर चौथ्याची शंका, "तांदूळ कच्चा की शिजवलेला?" पाचवा म्हणे, "आम्हाला पेपर पाठवता, तर तसाच छापखान्याला पाठवा की!" (आमचा छापखानेवाला दादू साधा फोन घ्यायलासुद्धा शेजारच्या किराणा दुकानात जातो.)

"उठा आता," कुमुद म्हणाली. मांडीवर ते पुस्तक उघडं होतं. "बंद करा ते."

तिने प्लग काढला, पुस्तकात बघून स्क्रू सोडवले आणि भुवयांच्या चिमट्याने एकेक दाणा वेचून काढला. परत सगळं जोडलं. फ्लॉपी सुळकन आत गेली! कुमुदचा चेहरा असा काही फुलला की मी लगेच मोठेपणा घेतला.

"आता त्या बिचाऱ्यांचे आभार तरी मानू," म्हणून मी परत लाइन जोडली. एक नवं उत्तर आलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

"सलाम भाऊ. मी अली, पनवेलजवळच्या कोन गावचा, सध्या कुवेतला. दसऱ्याचं वाचून गावची याद आली. पेपरावर शाळेचं नाव बघितलं. आमची नशरा सातवीत मॅडमकडेच आहे! पेपर एकदम झकास. घरी फोन लावून तिला सगळे सवाल सांगितले. खुदा तुमचं भलं करो."

कुमुदने ते दोनदा वाचलं.

"तुम्ही पेपर फोडलात? कुवेतपर्यंत?"

"अगं, सोबत काहीतरी जोडावंच लागतं..."

तिने मला स्वयंपाकाला पिटाळलं आणि नवा पेपर काढायला बसली. तो वेळेवर छापखान्यात गेला. आपण सुटलो असं मला वाटलं.

सुट्टीत ती उत्तरपत्रिका तपासत होती, मी सहज पेपर उचलून पाहिला. प्रश्न पाचवा : खालील अर्जातील चुका दुरुस्त करा. खाली माझा अर्ज, जसाच्या तसा.

"मुलांना जमला का गं?" मी हळूच विचारलं.

"सगळ्यांना पैकीच्या पैकी," ती म्हणाली. "कुठेही पेन टेकवलं तरी मार्क मिळत होते."