बबनराव बरोबरी घेत नाहीत

आमच्या अमरावतीच्या बुद्धिबळ संघात चौथ्या पटावर बबनराव बसतात, आणि त्यांनी आयुष्यात एकही डाव बरोबरीत सोडवलेला नाही. यात कौतुकाचं काही नाही. ते जिंकतातही क्वचितच. ‘अर्धा गुन घ्याले मी काय अर्धा मानूस आहो?’ असं म्हणून ते पुढे खेळतात आणि पूर्ण माणसासारखे हरतात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना उरलेली सगळी अक्कल पहिल्या चालीवर खर्चायची, असं त्यांनी ठरवलं असावं. पहिलं प्यादं हलवायला वीस मिनिटं. तेही राजापुढचंच, गेली चार वर्षं. घड्याळ सुरू होण्याआधी समोरच्याला गाव, सासुरवाडी, संत्र्याची बाग, सगळं विचारून ओळख काढतात. पंच ओरडले की म्हणतात, ‘वयख करून राह्यलो, साहेब.’ आणि अशा माणसाचा कप्तान मी.

मागच्या हंगामातली शेवटची लढत अकोल्याशी, तिथल्याच एका मंगल कार्यालयात होती. तीन पट संपले तेव्हा आम्ही दोन-एकनं पुढे. बबनरावांनी अर्धा गुण आणला की चषक पहिल्यांदाच अमरावतीला. हरले तर दोन-दोन, आणि तसं झालं की चषक गतविजेत्या अकोल्याकडेच. बबनरावांचा वजीर शह देत होता आणि समोरच्या, तेल्हारा गावच्या शाळामास्तरांचा राजा त्याच दोन घरांत येरझारा घालत होता. तीच स्थिती दोनदा येऊन गेली होती. तिसऱ्यांदा आली की बरोबरी. कप्तानाला चाल सांगता येत नाही, पण ‘बरोबरी घ्या’ एवढं म्हणायची मुभा असते. मी म्हटलं.

‘कप्तान, तू पानी पे,’ बबनराव म्हणाले, आणि वजीर एका फालतू प्याद्यामागे धाडला. पाऊण तासात त्यांच्यावर मात झाली.

मास्तर चषकाबरोबर फोटो काढायला पळाले. बबनरावांना संघातून काढायचं ठरवूनच मी त्यांच्यापाशी गेलो. ‘काका, काहून केलं असं?’

ते सोंगट्या डब्यात भरत होते. ‘घेतली असती बरोबरी, त तो उठून गेला असता,’ ते म्हणाले. ‘चार तास तो मानूस माह्याच विचार करून राह्यला होता. हा बुढा आता काय करते, याच्या मनात काय आहे. तुही काकू गेल्यापासून माह्या मनात काय आहे, ते कोन पाह्यते?’

राग होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. चार वर्षांत मी या माणसाला फोन केला तो फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि तोही निघायची वेळ सांगायला.