लुंबिनीच्या अलीकडची खिडकी

गाडी कुणी अडवली नाही म्हणून वाईट वाटून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शेजारचे सोनकांबळे काका. एकदा आम्ही त्यांच्या जीपमधून धर्माबादच्या पुढे तेलंगणात निघालो होतो. हद्दीवरचा शिपाई चहा पीत बसलेला. त्याने आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. काकांनी जीप बाजूला घेतली, चालत मागे गेले आणि त्याच्यापुढे लाल फाइल उघडून धरली. "बघून घ्या साहेब. मागून म्हणाल, तसाच गेला." बिचाऱ्याने कप खाली ठेवून विमा, लायसन, पीयूसी सगळं पाहिलं. काका दिवसभर खुशीत होते.

काका नांदेडला तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहितात. रहिवासी, वारसा, फेरफार, नावात बदल, माणसाच्या आयुष्यात जे जे म्हणून घडतं ते काकांच्या पेनाखालून जातं. "दाखला हाय का त्याचा?" हा त्यांचा कायमचा सवाल. मी एकदा म्हटलं, अंगात ताप आहे, आज शाळेला जात नाही. तर म्हणाले, "दाखला हाय का त्याचा, गुर्जी?" लग्नाला जाताना ते पत्रिका खिशात ठेवतात, मांडवात कुणी विचारलं तर असावी म्हणून. लातूरला मेहुण्याच्या नातवाच्या बारशाला गेले तेव्हा आधार कार्डाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एक आपल्याजवळ, एक त्यांच्या रेकॉर्डला.

आम्ही हसतो. पण आमच्या गल्लीत असं एक घर नाही, ज्याचं काम काकांनी मार्गी लावलं नाही. माझ्या वडिलांच्या पेन्शनसाठी मी वर्षभर खेटे घालत होतो. काकांनी माझे सगळे अर्ज वाचले, शांतपणे फाडले आणि एकच नवा लिहिला. पुढच्या महिन्यात काम झालं. आपल्या कामात एवढा चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ही जीप घेतली काकूंनी. सुमनकाकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी ती आपल्या नावावर घेतली. त्यांचं एकच म्हणणं होतं, "लुंबिनीला जायचं तं आपल्या गाडीत जायचं. बसच्या मागच्या शिटावर आदळत जायची न्हाई." दोघांनी नकाशे आणले, कागद गोळा केले. निघायच्या आधीच काकू आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. दोन वर्षांनी एक दिवस काका म्हणाले, "गुर्जी, सुट्ट्या लागल्या ना? चला. तिचं राहून गेलं, तेवढं करून येऊ."

नेपाळच्या सीमेपर्यंत तीन दिवस लागले. वाटेत प्रत्येक टोलनाक्यावर काकांनी फाइल पुढे केली आणि प्रत्येक ठिकाणी पोराटोरांनी हात हलवून पुढे जायला सांगितलं. काका हिरमुसले होते. सीमेवर मात्र त्यांच्या तोंडावर तेज आलं. पलीकडे गाडी न्यायची तर आधी या खिडकीवर, मग त्या खिडकीवर, फॉर्म, त्याची प्रत, शिक्का, मग परत पहिली खिडकी. माणसं घामाघूम होऊन धावत होती. काका मात्र पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे रांगेत उभे राहिले. एक एजंट आला, सगळं करून देतो म्हणाला. काकांनी त्याचा फॉर्म पाहिला आणि त्यातल्या दोन चुका त्यालाच दाखवल्या. अर्ध्या तासात जीपच्या बॉनेटवर आजूबाजूच्या पाच-सहा गाडीवाल्यांचे फॉर्म आले होते. काका आपल्या नांदेडी हिंदीत प्रत्येकाला विचारून लिहीत होते. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला, की मी त्यांचे फोटो काढले.

मग आमचा नंबर लागला. खिडकीतल्या साहेबांनी गाडीचं आरसी बुक पाहिलं. "मालिक कौन है? सुमनबाई?"

मी काकांकडे बघितलं. दोन वर्षं झाली तरी गाडी काकूंच्याच नावावर होती, हे मला तेव्हा कळलं.

"हाव साब. मेरी बीवी."

"साथ में नहीं है तो उनका लेटर चाहिए."

लेटर होतं. स्टॅम्प पेपरवर, काकूंच्या सहीचं, माझे पती ही गाडी नेपाळमध्ये नेऊ शकतात असं. दोघं मिळूनच जाणार होते, तरी लागलं तर असावं म्हणून काकू जायच्या आधीच तयार करून ठेवलेलं. काकांनी ते काढलं. साहेबांनी हात पुढे केला. मी हळूच म्हटलं, "द्या काका." लुंबिनी तिथून तासाभराच्या वाटेवर होती.

काकांनी कागद दिला नाही. "साब, ये लिखके देनेवाली अब नहीं है. फिर चलता क्या?"

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, नाही चालत. गाडी आधी तुमच्या नावावर करून या. माणसं जाऊ शकतात, गाडी नाही. आवाज मऊ होता, पण नियम तोच.

"बराबर हाय तुमचं," काका म्हणाले आणि फाइल बंद केली.

मला त्यांचा भयंकर राग आला. बाहेर येऊन मी म्हटलं, "काका, अख्ख्या तालुक्याचे वारसाचे अर्ज तुम्ही लिहिता. स्वतःचा का नाही लिहिला?"

"लई बार बसलो, गुर्जी. कागद घेतो, तारीख टाकतो. पुढं हातच चालंना." ते जीपच्या दाराला टेकून उभे राहिले. "तो अर्ज दिला की तिचं नाव कमी होतं."

मी त्यांना बसने जाऊन येऊ म्हटलं. ते नको म्हणाले. बसने जायचं असतं तर काकूंना त्या हयात असतानाच नेलं असतं की. आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

नांदेडला आल्यावर आठवडाभर लिंबाखालचं टेबल रिकामं होतं. मग एका सकाळी काका माझ्याकडे आले. "गुर्जी, पेन घ्या. मी सांगतो, तुम्ही लिहा." आणि एकसुरी आवाजात सांगायला लागले. प्रति, विषय, अर्जदाराचं नाव, वय, राहणार. "सदरील वाहन माझी पत्नी सुमनबाई" इथवर आले आणि थांबले. पुढचा शब्द मला ठाऊक होता. मी त्यांच्याकडे न बघता 'मयत' लिहिलं आणि उरलेला अर्ज, जमेल तसा, माझ्या मनाने पुरा केला.

काकांनी तो न वाचता सही केली.

मग बराच वेळ ते आरसी बुक हातात घेऊन बसले. "गुर्जी," त्यांनी विचारलं, "नवं झाल्यावर हे जुनं परत देत असतील का हो?"

ह्याचं उत्तर नांदेडमध्ये काकांइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "विचारू की आपण."