ओठांनी ओळखलेलं झुडूप

थोरात सर कुठलंही पान आधी ओठाला लावतात. पानामागची बारीक लव बोटांना कळत नाही, ओठांना कळते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पुतणीच्या लग्नात वधूवरांना भेटण्याआधी ते मांडवाच्या पानांच्या कमानीला भेटले. एकदा कसल्याशा रानपाल्यानं ओठ वड्यासारखा फुगला आणि आठवडाभर वर्ग खुणांवर चालला. पोरं म्हणाली, पहिल्यांदाच सगळं नीट कळलं.

आम्ही दोघं दौंड तालुक्यातल्या एका कॉलेजात. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. सरांना गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. एवढ्यावरच मी अडकलो.

घाटातल्या सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांना एक झुडूप सापडलं. पुरुषभर उंच, आजूबाजूच्या झुडपांसारखंच. फक्त पानामागं लव. "ही जात नवी हाय, शेळके," सर म्हणाले. पण नव्या जातीचं वर्णन छापायचं तर तिचं फूल, फळ, बी बघावं लागतं, जुन्या नमुन्यांशी ताडून बघावं लागतं. झालं. रविवार आला की यवतहून निघायचं, पुण्याच्या गर्दीतून घाट गाठायचा, पायाच्या जळवा काढायच्या आणि ऐकायचं, "अजून कळी न्हाई." फूल आलं तर फळ नाही. फळ मिळालं तर बी कोवळं. त्यात व्हॅनचा क्लच गेला, माझी कंबर गेली. कुठं चाललात हे विचारायचं बायकोनं सोडून दिलं.

झुडपाला संस्थापकांचं नाव द्या, असं प्राचार्यांनी सुचवलं. "त्या झुडपानं काय गुन्हा केलाय?" एवढंच सर म्हणाले. शेवटी लॅटिनमध्ये 'लव असलेलं' अशा अर्थाचं साधं नाव ठेवलं.

लेख एकदाचा छापून आला. कॉलेजनं सरांना शाल दिली, मी हुश्श केलं. त्याच समारंभात सरांबरोबर लेख लिहिणाऱ्या पुण्याच्या बाई सहज बोलून गेल्या, की वर्णन, चित्रं, सगळं दोन पावसाळ्यांपूर्वीच पुरं झालं होतं. सरच पाठवू देत नव्हते.

संध्याकाळी सरांना खुटबावला घरी सोडलं तेव्हा मी जरा रागातच विचारलं, मधल्या काळात दुसऱ्या कुणी ते झुडूप छापलं असतं तर?

घरात दिवा नव्हता. लावायला आत कुणी नव्हतंच. सरांनी लग्न केलेलं नाही.

"गेलं असतं नाव," ते म्हणाले. "पण छापून आल्यावर तुम्ही कशाला आला असता? रविवारी मला बोलायला दुसरं कोण हाय?"

मी इंजिन बंद केलं. कंबर ठणकत होती. चहा करता येतो का, असं विचारलं. सरांना येत होता, पण डब्यात साखर नव्हती. आम्ही तसाच प्यायलो. झुडपाचा विषय त्यांनी काढला नाही. माझी पुतणी सासरी रुळली का, ते विचारत बसले.