तात्यांच्या इंजिनाची किडनी

आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, मांडवात एक माणूस लाइफ जॅकेट घालून बसलेला असतो. नारिंगी रंगाचं, पुढे तीन पट्टे, तिन्ही आवळून बांधलेले. वरातीतले पाहुणे घाबरून विचारतात, धरणाचं पाणी सोडलंय की काय? मग गावातलं कुणीतरी सांगतं, "न्हाय वो, आमचं मिस्त्री हायेत ते." आणि सगळे पुन्हा अक्षता टाकायला लागतात.

हे सुदाम मिस्त्री. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांची पत्र्याची शेड आहे. होडीच्या मागच्या कडेला अडकवतात ना, वर डोकं आणि खाली पाण्यात पंखा, ती इंजिनं ते दुरुस्त करतात. फुटक्या होड्यांना फायबरची ठिगळंही लावतात. मासे धरणारे त्यांच्याकडे येतात, आणि हिवाळ्यात पुण्याच्या माणसांना रोहित पक्षी दाखवत फिरणारे नाववालेही येतात. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझी खोली या शेडला लागूनच आहे, त्यामुळे माझ्या चहाला गेली पाच वर्षं पेट्रोलचा वास येतो.

सरकारी योजनेतून एकदा सगळ्या नाववाल्यांना लाइफ जॅकेटं मिळाली होती. बाकीच्यांनी ती बसायला घेतली. मिस्त्रींनी अंगात घातलं ते कायमचंच. ते घालूनच ते सायकलवरून जेऊरला जातात, ते घालूनच दाढी करून घेतात. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, निदान जमिनीवर तरी काढा."

"मला पवता येत न्हाय, सर."

"पण तुम्ही पाण्यात जातच नाही."

"म्हनूनच अजून हाय की."

मी माझा पेट्रोलच्या वासाचा चहा उचलून खोलीत गेलो.

मिस्त्री स्वतःला मिस्त्री समजत नाहीत, डॉक्टर समजतात. बिघडलेलं इंजिन आलं की आधी मालकाला बाहेर बसवतात. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मालकाची चौकशी चालते ती अशी: "काल काय पाजलं हुतं?" "पेट्रोल." "नुसतं?" मालकाची मान खाली जाते. मग कळतं की त्याने रॉकेल मिसळलेलं असतं. "तुझ्या पोराला दुधात चुना घालून देतो का रं?" एवढं ऐकल्याशिवाय त्या इंजिनाला कुणी हात लावत नाही.

पुण्याचे एक गृहस्थ मोठा कॅमेरा गळ्यात घालून आले होते. त्यांची नाव बंद पडली म्हणून सगळे शेडपाशी उभे होते. ते म्हणाले, "मला वाटतं कार्बोरेटरचा प्रॉब्लेम आहे." मिस्त्रींनी पेचकस त्यांच्या हातात दिला आणि जाऊन बाजेवर आडवे झाले. "चालू द्या. मी पक्षी बघतो."

माझ्या पुस्तकी ज्ञानाबद्दलही त्यांना फार दया येते. एकदा मी फळ्यावर टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती काढून मुलांना शिकवत होतो. मिस्त्री खिडकीत उभे राहून सगळं ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "झ्याक काढलंय सर. पर ह्ये रुसतं कवा, ते न्हाय सांगितलं."

तपासणीसाठी शेडपुढे एक पत्र्याचं पिंप आहे, पाण्याने भरलेलं. त्याच्या कडेला इंजिन अडकवायचं आणि दोरी ओढायची. सुरू झालं की इंजिन खालून पाणी ओढून घेतं, अंग गार ठेवतं आणि मागच्या भोकातून धार सोडतं. पाणी ओढणारं एक रबरी चाक आत असतं. मिस्त्री त्याला किडनी म्हणतात. धार पडत नसेल तर ते जाहीर करतात, "लघवी बंद हाय. किडनी गेली." चारचौघांत, बायामाणसांसमोरसुद्धा.

आता मुद्द्यावर येतो, कारण माझा मूर्खपणा तिथूनच सुरू होतो. जगाची इंजिनं दोन दिवसांत बरी करणाऱ्या या माणसाकडे मारुती तात्यांचं इंजिन दोन वर्षं पडून होतं.

तात्या म्हणजे गावातले सगळ्यात जुने मासे धरणारे. आता पंचाहत्तरी उलटलेली. रोज दहाच्या सुमाराला काठी टेकत शेडपाशी यायचे.

"झालं का रं सुदाम?"

"किडनी यायची हाय, तात्या."

"कुटनं यायची?"

"जपानवरनं."

"दोन वरसं झाली. चालत निघाली का काय?"

"आली तर लगीच बसत न्हाय. मॅच व्हायला पायजे की."

मग तासभर भांडण. तात्या म्हणायचे, तुझा बाप तुझ्यापेक्षा बरा मिस्त्री होता. मिस्त्री म्हणायचे, त्याच्याकडंच न्या मग वर. त्यानंतर मिस्त्री स्वतः चहा करायचे, फुंकर मारून निववायचे आणि कप तात्यांच्या हातात नीट धरवून द्यायचे. मिस्त्रींना बायको नाही, पोरबाळ नाही, आणि बाकी कुणा गिऱ्हाइकाला त्यांनी कधी पाणीसुद्धा विचारलेलं नाही. हे सगळं मी खिडकीतून रोज बघत होतो. पण माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की एका गरीब म्हाताऱ्यावर अन्याय चाललाय.

मला अन्याय सहन होत नाही. हा दोष माझ्यात लहानपणापासून आहे.

प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा दोन पेठा पालथ्या घालून ते रबरी चाक मिळवलं. तळहातावर मावेल एवढंसं. गावात आलो तो थेट तात्यांच्या घरी. "तात्या, किडनी आणली. उद्या तुमची होडी पाण्यात."

तात्या बराच वेळ ते चाक बोटांनी चाचपत बसले. सून दारात उभी होती, ती एकदम आत निघून गेली. तिचा चेहरा उतरला होता, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. चाक माझ्या हातात परत देत तात्या म्हणाले, "बरं झालं, सर." मला वाटलं, आनंदाने शब्द सुचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते चाक घेऊन मी शेडवर गेलो. मिस्त्रींना कात्रीत पकडायचा बेत होता. पिंपावर एक इंजिन फटफटत होतं. वर हिरवा रंग, तात्यांनी स्वतःच्या हाताने ब्रशने दिलेला. मागून बोटाएवढी जाड धार पडत होती. मिस्त्री शेजारी उभे राहून त्याला तेलाच्या फडक्याने पुसत होते. मला बघताच त्यांनी इंजिन बंद केलं आणि वर पोतं टाकलं.

"मिस्त्री, हे तर बरं आहे."

"बरंच हाय. रोज दहा मिंटं चालवतो. आखडायला नको."

"मग देत का नाही?"

मिस्त्री पिंपाच्या कडेला टेकले. "काचबिंदू हाय त्यांना. दोन वरसामागं, तुमी सुट्टीत गावी गेला हुता तवा, धुक्यात जाळी काढाय गेलं आन् काठ कुटं हाय तेच कळंना. पेट्रोल सपेपर्यंत तितल्या तितंच फिरत हुतं. दुसरं कोन नव्हतं, मग मीच गेलो वल्हवत. मला वल्हवता येत न्हाय, पवता येत न्हाय. ह्ये जाकीट तवा घातलं. परत पाळी आली तर जाकीट हुडकत बसाया नको, म्हनून काडलंच न्हाय."

"आणि तात्या?"

"घावलं दुपारी. मला बघून म्हनालं, इंजिनानं दगा दिला रं सुदाम. मी म्हनलं, व्हय तात्या, किडनी गेली आसंल. आता त्यास्नी तोंडावर कसं सांगू, तुमास्नी दिसत न्हाय म्हनून? इंजिनाला कायबी म्हटलं तरी त्येला वाईट वाटत न्हाय."

माझ्या खिशात ते चाक होतं. ते काढून धरणात फेकावं आणि मागोमाग आपणही उडी मारावी, असं मला वाटलं. मी काय करून ठेवलंय ते त्यांना सांगितलं. मिस्त्री चिडतील असं वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, "आज येतील मग न्यायला," आणि तीन पट्टे पुन्हा एकदा आवळले.

दहाला तात्या आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर होडी बांधायचा नवा दोर. मागून चार-पाच नाववालेही आले, कारण मी ही बातमी गावभर सांगून ठेवली होती.

"बसवली का किडनी?"

"बसवली," मिस्त्री म्हणाले.

"कर सुरू."

मिस्त्रींनी दोरी ओढली. त्या मेल्या इंजिनाने पहिल्याच झटक्याला सूर धरला, इतका गोड की नाववाल्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी काठी माझ्याकडे दिली. चाचपत पिंपापर्यंत गेले आणि इंजिनाच्या मागे हात धरला. धार त्यांच्या तळव्यावर पडली, बोटांतून निथळली, मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेली, बाही भिजली. ते तसेच उभे राहिले. मला तर बघवत नव्हतं.

मग तात्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

"धार न्हाय, सुदाम," ते म्हणाले. "सरांची किडनी काय मॅच झाली न्हाय."

नाववाल्यांपैकी एकाने तोंड उघडलं होतं. मी त्याचा पाय दाबला.

"काढ ती. जपानची येऊ दे. मला काय घाई न्हाय." तात्यांनी खांद्यावरचा नवा दोर उतरवून मिस्त्रींच्या हातात दिला. "ह्यो ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. दोर खुंटीला टांगला. मग छातीवरचे पट्टे एकेक करून सोडले, जॅकेट काढलं, दुमडून दगडावर ठेवलं आणि तात्यांना दंडाला धरून त्यावर बसवलं. आत त्यांचा सदरा पांढरा होता, ते मला त्या दिवशी कळलं.

"तुझा बाप असता तर आतापातूर बसवली असती," तात्या म्हणाले.

"व्हय की," मिस्त्री म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.